बोटाचं निमित्त

"बासरी एवढी छान वाजवायचीस, ती टाकलीस. आणि आता पन्नाशी ओलांडल्यावर जपानात जाऊन देवळादेवळांतून बांबू फुंकत फिरलीस. म्हणजे नक्की काय?"

लग्नात, बारशाला, सोसायटीच्या लिफ्टमध्ये हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की लोक पहिले चार शब्द बोलले की पुढचं मला पाठ येतं. आजवर माझं उत्तर एकच असायचं: डाव्या हाताचं मधलं बोट वर करून दाखवणे. (अमेरिकेतल्या भाच्याने त्याचा तिथला अर्थ सांगितल्यापासून पूर्ण पंजा दाखवते.) बोट पहिल्या पेरापासून ताठ आहे, टोकाला संवेदना नाही. चिपळूणला बाबांच्या दुकानाचं शटर १९९४च्या फेब्रुवारीत त्यावर आलं. बासरीला सहा भोकं, दोन्ही हातांची तर्जनी, मधलं आणि अनामिका लागते. मधल्या बोटाने भोक नीट झाकलं गेलं नाही की सूर फुसका निघतो. शाकुहाचीला, म्हणजे तिथल्या बांबूच्या बासरीला, भोकं पाचच. चार पुढे, एक मागे अंगठ्याला. पुढची चार तर्जनी आणि अनामिकेने झाकायची, मधल्या बोटांनी फक्त बांबू तोलून धरायचा. माझ्या हाताला जमेल अशी फुंकायची वस्तू जगाच्या त्या टोकाला शेकडो वर्षं तयार होती. ऐकणाऱ्याचा चेहरा हळवा होतो, "अगं बाई, काय योग बघ," वगैरे होतं, आणि विषय संपतो.

उत्तर खरं आहे. त्यातला एकही तपशील खोटा नाही. पण तुम्ही परत परत विचारता, त्या अर्थी ते तुम्हालाही पुरत नसावं.

शटरच्या आधी सात महिने, गुरुपौर्णिमा. मी तेवीस वर्षांची. समोर पहिल्या रांगेत गुरुजी, मागे शंभरेक माणसं. आलाप बरा गेला. तबला सुरू झाल्यावर माझा श्वास तुटायला लागला, एकदा, दोनदा, मग प्रत्येक आवर्तनात. गुरुजींनी हात वर करून तबला थांबवला. मोठ्याने नाही, अगदी मवाळ आवाजात म्हणाले, "हिला सूर ऐकू येतो. वाजवता येत नाही. उठ बाळ." मी उठले. पुढचा मुलगा येऊन बसला. संध्याकाळच्या जेवणात मसालेभात होता, तो मी दोनदा घेतला हे मला आठवतं. पुढचे सात महिने मी शिकायला जात होते, पण वाजवत नव्हते. काहीतरी कारण काढायचे.

आणि मग शटर आलं. दुखलं ते दुखलंच. पण डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरून "बासरी विसरा" म्हटलं, तेव्हा माझ्या मनात जो शब्द आला तो होता: सुटले. हे मी आईलाही कधी सांगितलं नाही. ती बिचारी माझ्या बोटासाठी सोमवार करत होती.

तेव्हाची मी आता समोर येऊन म्हणते, तू मुद्दाम हात काढला नाहीस का? नाही. मुद्दाम कोणी शटरखाली हात घालत नाही. पण शटर निसटताना हात मागे घ्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा लागला का, की जरा जास्त लागला, हे तिलाही सांगता येत नाही, मलाही नाही. जाऊ दे.

शाकुहाची आयुष्यात आली ती फार नंतर, तीही बांबूची नव्हे. हार्डवेअरच्या दुकानातला पाऊण इंची पीव्हीसी पाइप, मुलाने ड्रिलने पाडलेली पाच भोकं, वरच्या कडेला कानशीने दिलेला तिरका छेद. आपल्या पाव्याला तोंडाशी पट्टी असते, फुंकलं की आवाज येतो. इथे तसं काही नाही. औषधाच्या रिकाम्या बाटलीच्या कडेवर फुंकर घालतो तसं त्या छेदावर फुंकायचं. पहिले अकरा दिवस नुसती हवा आली. बाराव्या दिवशी आवाज आला तेव्हा कुकरची शिट्टी होत होती, म्हणून मला आधी कळलंच नाही.

नावात काही गूढ नाही, बरं का. शाकु म्हणजे त्यांचा फूट, हाची म्हणजे आठ. एक शाकु आठ सुन, साधारण साडेचोपन्न सेंटिमीटर. नुसतं माप. बोटं एकेक उचलत गेलं की जे पाच सूर मिळतात ते आपल्या धानी रागाचे: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. हनुवटी खाली घेतली की सूर उतरतो, त्याला ते 'मेरी' म्हणतात. मेरी करून ग चा कोमल रे आणि नी चा कोमल ध केला की समोर चक्क गुणकली उभी राहते. त्यांच्या जुन्या रचना, ज्यांना होनक्योकु म्हणतात, पुष्कळशा याच सुरांत हिंडतात. मान हलवायला शिकण्यात तीन वर्षं जातात अशी त्यांच्याकडे म्हण आहे. माझी पाच गेली.

पण मला ओढलं ते सुरांनी नाही, टोपलीने. शाकुहाची वाजवत भिक्षा मागणारे कोमुसो डोक्यावर गवताची उंच टोपी घालायचे, तेनगाई. पूर्ण चेहरा झाकणारी, मडक्यासारखी. त्यांची चित्रं पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, हे माझं. आपला वासुदेव मोरपिसांची टोपी घालतो ती दिसण्यासाठी. हे लोक घालत ती न दिसण्यासाठी. शिवाय ते मैफल करत नव्हते, 'सुइझेन' करत होते, म्हणजे फुंकण्याचं ध्यान. ऐकणारा नाही, दाद नाही, पहिली रांग नाही. "उठ बाळ" म्हणायला समोर कोणी नाहीच.

इतिहासाची आवड असलेले माझे दीर लगेच म्हणाले, "वहिनी, ते सगळं थोतांड आहे." त्यांचं बरोबर आहे, हे आधीच सांगून टाकते. कोमुसोंना देशभर मोकळं फिरण्याचे हक्क देणारं १६१४चं फर्मान अभ्यासक बनावट मानतात. आपली परंपरा थेट चीनमधल्या फुके नावाच्या वेड्या साधूपर्यंत नेणारा ग्रंथ १७९५ साली छापला गेला, आणि त्यातली बरीच वंशावळ रचलेली दिसते. कोमुसोंमध्ये मालक नसलेले सामुराई भरपूर होते, आणि तोंड झाकलेल्या माणसावर हेरगिरीचा संशय तर यायचाच. १८७१ साली मेइजी सरकारने पंथच बंद केला. म्हणजे मी ज्या वाटेने गेले ती वाट अर्धी कागदावर बनवलेली आणि उरलेली मोडलेली. मग? पंढरीच्या वाटेवर चालणारा प्रत्येक जण आधी ताम्रपट तपासून निघतो का? (हा युक्तिवाद दिरांनी मानलेला नाही. मलाही तो रात्री अकरानंतरच पटतो.)

आम्ही सहा जण होतो, पाच देशांतले, नोव्हेंबरच्या अखेरीला. क्योतोत तोफुकुजीच्या देवळात लाल मेपल बघायला एवढी गर्दी की दादर स्टेशन बरं. त्याच आवाराच्या एका उपमंदिरात म्योआनजी आहे, कोमुसोंचं एक मुख्य ठाणं. पंथ बंद झाल्यावर मूळ म्योआनजीतल्या वस्तू इथे आश्रयाला आल्या. गर्दी पुलावर फोटो काढत होती आणि इकडे दाराशी आम्ही सहाच. तिथे मी एक सूर वाजवला, 'रो', सगळी भोकं बंद ठेवून. ठीक गेला. पुढे.

मग इसेजवळचा आसामा डोंगर, ५५५ मीटर. इसेला जाऊन आसामा केला नाही तर यात्रा अर्धीच, असं तिथे गाण्यात म्हणतात. वर कोंगोशोजी देऊळ. कथा अशी की क्योचिकु नावाचा साधू या डोंगरावरच्या देवळात रात्री जागत बसला, पहाटे डोळा लागला, आणि स्वप्नात होडीतून समुद्रावर चंद्र बघत असताना धुकं आलं. धुक्यातून बासरी ऐकू आली. जाग आल्यावर त्याने ती उतरवली: एक धुक्याच्या समुद्रावरची, एक रिकाम्या आकाशातली. तिथल्या देवाचं नाव कोकुझो, म्हणजे आपला आकाशगर्भ बोधिसत्त्व. आतल्या बाजूला मेलेल्यांच्या नावाने उभ्या केलेल्या उंच लाकडी फळ्यांच्या रांगाच रांगा आहेत, त्यांना ते 'सोतोबा' म्हणतात. स्तूप! हा शब्द चालत एवढ्या लांब गेला, हे कळल्यावर मी उगीचच त्या फळ्यांना हात लावून आले. वाजवलं नाही. वारा होता, आणि शाकुहाचीच्या कडेवरून वारा तुमची फुंकर उचलून नेतो.

आणि मग युरा.

वाकायामाच्या किनाऱ्याने जाणारी गाडी युआसाला थांबते, जिथे सोया सॉसची कुळकथा सुरू होते असं मानतात. पुढे युरा. सोया सॉस आणि शाकुहाची, दोन्हीचं श्रेय एकाच साधूला देतात: काकुशिन, जो १२४९ साली चीनला गेला आणि १२५४ला परतला. येताना त्याने एक विशिष्ट मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, आणला (सोया सॉस त्यातूनच निघाला म्हणतात), आणि परंपरेप्रमाणे शाकुहाचीही. मिसोबद्दल शंका घेणारे कमी आहेत. आम्ही रात्री तो भाताबरोबर खाल्ला, वांग्याच्या फोडी घातलेला, लोणच्यासारखा तोंडी लावायचा. त्याचं देऊळ कोकोकुजी. उंच झाडं, पायऱ्या, आणि आवारात गळालेली पानं झाडणारी एक म्हातारी.

तिथे प्रत्येकाने एक रचना अर्पण करायची होती. टाळ्या नाहीत, एकमेकांकडे बघायचं नाही, हे आधीच ठरलेलं. मी 'चोशी' घेतली, सगळ्यात साधी, तीनेक मिनिटांची, शिकणाऱ्याला पहिली देतात ती. थंडीने मधलं बोट ठणकत होतं. पहिल्या दोन ओळी गेल्या. आणि मला जाणवलं की माझा कान माझ्या सुराकडे नाहीच. तो त्या झाडूकडे आहे. खर्र, खर्र. ती म्हातारी थांबते का, ऐकते का, याकडे माझं सगळं लक्ष. ती थांबत नव्हती. का थांबावं? तिच्याकडे वर्षभर माझ्यासारखे येत असतील. पण माझ्या पोटात काहीतरी पेटलं. आणि पुढच्या ओळीत, जिथे सरळ मेरी घेऊन खाली यायचं असतं, तिथे मी मध्यमावरून कोमल रिषभावर मींड घेतली, म्हणजे सूर न तोडता घसरत उतरले. सावकाश, लोळवत, गुणकलीची. तीस वर्षांपूर्वीची. सूर कोमल रिषभावर पोचला तेव्हा तो असा काही लागला की माझ्या अंगावर काटा आला. मागे कोणीतरी श्वास सोडला, "आह."

झाडू चालूच होता.

मी रचना पूर्ण केली, वाकून नमस्कार केला, बाजूला झाले. रात्री जेवताना तो श्वास सोडणारा ब्राझीलचा माणूस म्हणाला, "ते वळण कुठलं?" आणि मी सुटले. गुणकली म्हणजे काय, सकाळचा राग, आंदोलन कसं घ्यायचं, गुणगुणून दाखवलं, चॉपस्टिकने ताल धरला. अर्धा तास. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, आणि त्या इतक्या गोड लागल्या की मला झोप लागली नाही.

पहाटे तीनला मात्र वेगळीच मी जागी झाले. खोलीत हीटर घरघरत होता. मी इथे कशाला आले होते? कोणी ऐकू नये म्हणून. टोपलीखाली जायला. आणि पहिली संधी मिळताच टोपली फेकून रांगेपुढे जाऊन बसले होते. वर दुसऱ्यांच्या देवापुढे, त्यांच्या रचनेत आपली मींड खुपसून. यांच्यातल्या कोणी आपल्या आरतीत शेवटी जाझ घुसवला असता तर मी काय म्हटलं असतं? (खरं सांगायचं तर चांगला घुसवला असता तर ऐकलं असतं. पण तेव्हा तसं वाटलं नाही.)

सकाळी गाडीच्या आधी पुन्हा देवळात गेलो. मी चोशी परत वाजवली, शिकवली तशी, कोरडी, एकही दागिना न घालता. नीट वाजली. मला वाटतं आदल्या दिवसापेक्षा बरी. म्हातारी तेव्हा नव्हतीच. स्टेशनवर पंचवीस मिनिटं बाकावर बसलो होतो. मी वाट बघत होते. ब्राझीलवाला मोबाइलवर कांदा घालून करायच्या कसल्याशा भाताची कृती बघत होता. कोणीही काही बोललं नाही. हिरमुसले.

तर, तुम्ही विचारलंत, तिथे जाऊन काय मिळालं. गुरुजी बरोबर होते का? ती मींड ऐकली असती तर त्यांनी वाक्य बदललं असतं असं एक मन म्हणतं. दुसरं म्हणतं, एका मींडीला वाजवणं म्हणत नाहीत, आणि ते म्हणणारा आवाज अगदी त्यांच्यासारखाच मवाळ आहे. बोटाचं निमित्त नव्हतं असंही मी म्हणणार नाही. ते बोट आत्ताही टाइप करताना आडवं येतंय. टोपी मात्र मी विकत घेतली नाही. क्योतोत एका दुकानात होती, महाग होती, आणि विमानात कुठे ठेवणार.

रोज सकाळी गॅलरीत दहा मिनिटं नुसता 'रो' फुंकते. खालच्या मजल्यावरचे काका विचारत होते, तुमची पाण्याची मोटर बिघडली आहे का.

यंदा सोसायटीच्या गणपतीत वाजवाल का, असं मंडळाने विचारलंय. विचार करून सांगते म्हटलं. फक्त एवढं बजावून ठेवलंय की वाजवलंच तर हॉलमधले सगळे पंखे बंद हवेत, आणि खुर्च्या जरा जवळ लावा.