उंबरठ्याच्या आतला पाहुणा

मूकपटांचा विनोदवीर बस्टर कीटन, त्याचा 'अवर हॉस्पिटॅलिटी' (1923) परत बघितला आणि वाटलं, खुनशी माणसं इतकी संस्कारी असली की काय मजा येते राव! कॅनफिल्ड आणि मॅके या दोन घराण्यांचं हाडवैर, का सुरू झालं ते कुणालाच धड माहीत नाही. (अमेरिकेतल्या हॅटफिल्ड आणि मॅकॉय यांच्या खऱ्या वैराची ही टिंगल.) मॅकेंचा पोरगा विली (म्हणजे कीटन) न्यूयॉर्कला वाढलेला, तो बापाची इस्टेट बघायला गावी निघतो, ट्रेनमध्ये शेजारी बसलेली मुलगी आवडते, ती जेवायलाच बोलावते, आणि ती निघते कॅनफिल्डांची लेक! मुलगी झालीय नताली टालमज, म्हणजे कीटनची खरी बायको.

आता बाप आणि दोन भाऊ पिस्तुलं भरून तयार, पण घरात आलेल्या पाहुण्यावर हात उचलायचा नाही हा त्यांचा नियम. उंबरठा ओलांडला की खेळ खल्लास. हे विलीला कळतं आणि मग तो जो काही चिकटतो! आपल्याकडे पाहुणे दारात चपला घालून अर्धा तास 'येतो हं' करतात ना, इथे तसं करण्यावर जीव अवलंबून. स्वतःची हॅट स्वतःच लपवून 'सापडत नाहीये' म्हणतो, तर कुत्रं आणून देतं. जेवणाआधी प्रार्थनेला सगळ्यांच्या माना खाली, डोळे मात्र एकमेकांवर. आणि हे सगळं त्या कीटनच्या मख्ख चेहऱ्याने. संवाद असते तर हा सीन निम्माच राहिला असता असं माझं मत.

ट्रेनबद्दल लिहायला बसलो तर जागा पुरायची नाही, स्टीफन्सनच्या 'रॉकेट' या अगदी जुन्या रेल्वे इंजिनासारखं इंजिन, ते चालवतोय कीटनचा खरा बाप, आणि सुरुवातीचं तान्हं बाळ म्हणजे कीटनचाच मुलगा. नदीचा सीन बघताना मात्र हसू थांबतं. ट्रकी नदीत शूटिंग करताना कीटनला धरून ठेवणारी तार तुटली, तो खरोखर वाहत गेला, आणि तो शॉट पिक्चरमध्ये तसाच ठेवलाय.

राजामौलीने यावरूनच 2010 मध्ये 'मर्यादा रामन्ना' केला, मग हिंदीत त्याचा 'सन ऑफ सरदार' झाला. पण शेवट मूळचाच भारी. लग्न लागतं, सासरे आणि मेहुणे नाइलाजाने पिस्तुलं टेबलावर ठेवतात, आणि मग आपला गरीब बिचारा जावई कपड्यांतून एकेक पिस्तूल काढायला लागतो, ती संपतच नाहीत.