‘मर्फी’ म्हणजे नेमकं कोण?

मर्फी हे नाव आपल्याकडे रेडिओमुळे घरोघरी पोचलं. त्यामुळे आयरिश आडनावांचा विषय निघाला की प्रश्न ठरलेला असतो: मर्फीचा अर्थ काय, आणि ओब्रायन, ओनील यांच्यासारखा ‘ओ’ त्याला का नाही? तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो.

रेडिओ इंग्लंडचा. 1929 साली फ्रँक मर्फी आणि ई. जे. पॉवर यांनी वेल्विन गार्डन सिटीत ती कंपनी काढली. आडनाव मात्र आयर्लंडचं, आणि तिथलं सर्वांत जास्त आढळणारं. 1890 साली आयर्लंडमध्ये नोंदलेल्या जन्मांपैकी 1,386 मर्फींच्या घरातले होते.

गेलिकमध्ये, म्हणजे आयर्लंडच्या मूळ भाषेत, ते ‘ओ मुरख़ू’. यातला ‘ओ’ म्हणजे नातू, वंशज. तो इंग्रजी ‘ऑफ’चा तुकडा नव्हे, आणि त्याच्यापुढचा अपॉस्ट्रॉफी ही इंग्रजी लेखणीची भर आहे. ‘मॅक’ म्हणजे मुलगा. आपली ‘कर’ लागलेली आडनावं गाव सांगतात. ही आडनावं पूर्वज सांगतात. आयर्लंडमध्ये ती फार लवकर रुळली: 916 साली वारलेल्या गॉलवेकडच्या एका सरदाराच्या नावात ‘ओ क्लेरी’ या आडनावाचं जुनं रूप सापडतं.

मर्फींचा पूर्वज मुरख़ा नावाचा. ‘मुइर’ म्हणजे समुद्र, ‘काह’ म्हणजे लढाई; समासात क मऊ होऊन ख़ झाला. अर्थ, समुद्रावर लढणारा. उच्चारताना र आणि ख़ यांच्यामध्ये एक हलका अ येतो. धर्मचा धरम करणारी आपली स्वरभक्ती, तीच ही. घशातला ख़ इंग्रजी कारकुनांना लिहिता येईना. कुणी ‘मरो’ लिहिलं, कुणी ‘मॉरो’, आणि बहुतेक ठिकाणी त्याचा फ होऊन ‘मर्फी’ उरलं. इंग्रजीत ‘रफ’, ‘लाफ’ या शब्दांच्या शेवटी जुन्या ख़चा असाच फ झालेला आहे. वेक्सफर्डमधल्या प्रमुख घराण्यानं मात्र ‘ओमॉरो’ हे मूळ उच्चाराच्या जवळचं रूप टिकवलं.

बाईचं आडनाव वेगळं होतं, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. मुलगी ‘नी वुरख़ू’, लग्नानंतर सासरचं नाव घेतलेली बाई ‘ई वुरख़ू’. नी आणि ई यांच्यानंतर म मऊ पडतो, त्याचा व ऐकू येतो. म्हणून गेलिक यादीत भाऊ आणि बहीण शोधताना दोन्ही रूपं पाहावी लागतात.

आता ‘ओ’ कुठे गेला? 1465 च्या एका कायद्यानं डब्लिन, मीथ, लाउथ आणि किल्डेअर इथल्या आयरिश लोकांना गावाचं, रंगाचं किंवा धंद्याचं इंग्रजी आडनाव घ्यायला सांगितलं. पण खरी गळती सतराव्या-अठराव्या शतकांतली. इंग्रजी सत्ता घट्ट झाली, गेलिक सरदार संपले, आणि ओ-मॅक लावणं अडचणीचं झालं. 1893 मध्ये गेलिक भाषा जपण्यासाठी गेलिक लीग ही संस्था स्थापन झाली, त्या सुमारास अनेकांनी ‘ओ’ परत घेतला. मर्फींनी इंग्रजी रूपात तो क्वचितच घेतला. गेलिकमध्ये लिहिताना मात्र तो असतोच.

सर्वांत मोठी चूक म्हणजे सगळे मर्फी एका कुळाचे मानणं. मुरख़ा हे नाव फार लोकप्रिय होतं. 1014 च्या क्लॉन्टार्फच्या लढाईत पडलेल्या राजा ब्रायन बोरूच्या मुलाचंही तेच, पण म्हणून मर्फी त्याचे वंशज ठरत नाहीत. वेक्सफर्डचे मर्फी वेगळे, कॉर्कचे वेगळे, आणि उत्तरेकडे टिरोन-आर्मामधले तर मूळचे ‘मॅक’वाले. दुकानांत ‘मर्फी कुळाचं मानचिन्ह’, म्हणजे ढालीवरचं घराण्याचं चिन्ह, विकतात, ते घेऊ नका. मानचिन्ह एका व्यक्तीला आणि तिच्या वारसांना मिळतं, आडनावाला नाही.

म्हणून शोध आडनावापासून नव्हे, जागेपासून सुरू करायचा. आधी परगणा, मग पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हाताखालचा भाग, मग ‘टाउनलँड’ म्हणजे शिवार. अशी 60 हजारांहून जास्त शिवारं आहेत. 1901 आणि 1911 ची जनगणना विनामूल्य पाहता येते. जन्म-मृत्यूच्या सरकारी नोंदी 1864 पासूनच्या. त्याआधी कॅथलिक पॅरिशची वही. तिथे नावं बहुधा लॅटिनमध्ये, पॅट्रिकचा पॅट्रिशियस, जेम्सचा जॅकोबस. एका पॅरिशमध्ये पाच पॅट्रिक मर्फी निघाले तर मुलाच्या बाप्तिस्म्याचे साक्षीदार जुळवा, कारण ते बहुतेक वेळा मामा-मावशी-काका असतात. थोरल्या मुलाला आजोबांचं नाव द्यायची रीत तिथेही होती, तिचाही उपयोग होतो.

1821 ते 1851 च्या जनगणनांचे बहुतेक कागद 1922 मध्ये डब्लिनच्या अभिलेखागाराला लागलेल्या आगीत गेले. ती पोकळी ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन ही 1847 ते 1864 ची जमीन-घरांची मूल्यआकारणी काही अंशी भरून काढते, पण तिच्यात कुटुंबप्रमुखच आहे, बायकामुलं नाहीत.

आणि वयावर विसंबू नका. 1901 मध्ये 55 वर्षांचा असलेला माणूस 1911 मध्ये 70 चा दिसला तर तो दुसरा कुणी समजून सोडू नका. 1909 पासून सत्तरीला सरकारी पेन्शन सुरू झालं होतं, आणि त्यासाठी वय वाढवून सांगितलं जाई.