जिनिंगच्या भुईकाट्यावरचा ‘डेटाबेस इज लॉक्ड’

चोपडा तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये कापूस खरेदीच्या नोंदी ठेवणारे एक वेब ॲप्लिकेशन चालते. ते मी लिहिलेले नाही. ज्याने लिहिले तो पुण्याला नोकरीसाठी गेला आणि ऐन हंगामाच्या तोंडावर ते सांभाळण्याचे काम माझ्याकडे आले. ॲप्लिकेशन पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या जँगो फ्रेमवर्कमधले, डेटाबेस एसक्यूलाइटचा, आणि सर्व्हर म्हणजे ऑफिसमधल्या टेबलाखाली ठेवलेला विंडोजचा साधा संगणक. कापसाची गाडी भुईकाट्यावर चढली की भरलेले वजन नोंदवायचे, ओलावा आणि कवडी (खराब, डागाळलेला कापूस) पाहून भाव ठरला की तो टाकायचा, गाडी खाली झाल्यावर रिकामे वजन घ्यायचे, पावती छापायची आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर वजनाचा मेसेज पाठवायचा, एवढाच त्याचा व्याप. दिवाळीनंतर आवक वाढली, गाड्यांची रांग गेटबाहेर रस्त्यापर्यंत गेली, आणि काट्यावरच्या मुलाचा फोन येऊ लागला : “भाऊ, पावती निंघत नही.” पडद्यावर प्रत्येक वेळी एकच वाक्य असे, ‘डेटाबेस इज लॉक्ड’.

मालकांनी दोन-तीन ठिकाणी चौकशी केली होती आणि सगळीकडून त्यांना एकच सल्ला मिळाला होता, की हा डेटाबेस खेळण्यातला आहे, तो काढून मोठा बसवा. हा सल्ला मला पटला नाही, आणि त्याचे कारण साध्या हिशेबात आहे. एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच जण लिहू शकतो हे खरे आहे, पण एक पावती लिहायला त्याला जुन्या हार्ड डिस्कवरसुद्धा सेकंदाचा लहानसा अंश पुरतो. भुईकाट्यावर दोन गाड्यांच्या मध्ये मिनिटे जातात. अशा ठिकाणी लिहिणारे एकमेकांना आडवे येत असतील, तर त्यांच्यापैकी कोणीतरी काम नसताना लॉक, म्हणजे लिहिण्याचा ताबा, धरून बसलेला आहे, एवढाच त्याचा अर्थ होतो. तो कोण आणि किती वेळ बसतो हे न शोधता डेटाबेस बदलला असता, तर तोच धरून बसणारा नव्या डेटाबेसातही गेला असता. तिथे त्याने सगळ्यांना अडवले नसते, त्या-त्या ओळीवर वाट पाहणाऱ्यांनाच अडवले असते, पण गेला असता.

एसक्यूलाइट हा वेगळा चालणारा सर्व्हर नाही, ही गोष्ट इथे नीट लक्षात घ्यावी लागते. रिचर्ड हिप यांनी 2000 साली तो पहिल्यांदा प्रसिद्ध केला. त्याआधी ते अमेरिकी नौदलाच्या युद्धनौकेसाठीच्या एका प्रणालीवर काम करत होते, आणि तिथे डेटाबेसचा सर्व्हर बंद असला की सगळे अडून बसे. म्हणून सर्व्हरच नसलेला, ॲप्लिकेशनच्या पोटात बसणारा आणि सगळा माल एका फाइलमध्ये ठेवणारा डेटाबेस त्यांनी बनवला. याचा परिणाम असा, की लॉक कोणाकडे आहे हे विचारायला इथे मध्ये कोणी व्यवस्थापक नसतो. फाइल उघडणारा प्रत्येक प्रोग्राम स्वतःच डेटाबेस असतो, आणि त्यांची आपसातली शिस्त फक्त फाइलवरच्या लॉकने राखली जाते. त्यामुळे तपासाची सुरुवात डेटाबेसच्या आत होत नाही. ही फाइल आत्ता कोणकोणत्या प्रोग्रामने उघडली आहे, या प्रश्नापासून ती होते. विंडोजवर रिसोर्स मॉनिटरमध्ये फाइलचे नाव टाकून शोधले की ती धरून बसलेले प्रोग्राम दिसतात. लिनक्सवर हेच काम फ्यूजर किंवा एलएसओएफ करते.

त्याआधी फाइल शाबूत आहे की नाही हे मी इंटिग्रिटी चेक चालवून पाहिले. उत्तर ‘ओके’ आले. लॉकची तक्रार आणि फाइल बिघडल्याची तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली घेऊन येणारा माणूस दुसरीच्या भीतीने अर्धा झालेला असतो. त्यामुळे हे एक उत्तर हातात असले की पुढचे काम शांतपणे होते.

रिसोर्स मॉनिटरमध्ये सर्व्हरच्या प्रोसेसबरोबर ‘सिस्टीम’ हेही नाव दिसले. म्हणजे फाइल नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकानेही उघडलेली होती. आधीच्या मुलाने डेटाबेसचे फोल्डर शेअर केलेले होते आणि दिवाणजींच्या संगणकावर डीबी ब्राउझर (डेटाबेसची फाइल थेट उघडून बदलण्याचा प्रोग्राम) बसवून दिला होता, कारण गावाचे किंवा शेतकऱ्याचे नाव चुकले तर ते दुरुस्त करण्याची सोय ॲप्लिकेशनमध्ये नव्हती. डीबी ब्राउझरमध्ये एखादा रकाना बदलला की तो बदल लगेच पक्का होत नाही. वरचे ‘राइट चेंजेस’ बटण दाबेपर्यंत ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्का होणारा किंवा एकत्रच मागे फिरणारा बदलांचा गट) उघडेच राहते आणि लिहिण्याचा लॉक त्याच्याकडे राहतो. दिवाणजी नाव दुरुस्त करून, खिडकी तशीच उघडी ठेवून, चहाला किंवा बँकेत जात. तेवढ्या वेळात भुईकाट्यावर एकही वजन नोंदवले जाणे शक्य नव्हते. दिवाणजींना याचा दोष देता येत नाही; त्यांना जे साधन दिले होते ते त्यांनी दिले तसे वापरले. नाव दुरुस्त करण्याचे एक लहान पान ॲप्लिकेशनमध्येच बनवले आणि फोल्डरचे शेअरिंग बंद केले. ते तसेही बंद करायलाच हवे होते, कारण नेटवर्कवरच्या फाइलचे लॉक भरवशाचे नसतात आणि दोन संगणकांनी एकच एसक्यूलाइट फाइल थेट लिहिणे म्हणजे ती बिघडण्याचा धोका ओढवून घेणे आहे. दुसऱ्या संगणकाने यायचे ते वेब ब्राउझरमधून.

एवढ्याने तक्रारी कमी झाल्या, पण गर्दीच्या वेळच्या थांबल्या नाहीत. पुढच्या तपासात सर्वात जास्त उपयोग झाला तो एका मोजमापाचा. वेब ब्राउझरकडून आलेली विनंती सुरू झाल्यापासून त्रुटी येईपर्यंत किती वेळ गेला, हे मी प्रत्येक त्रुटीसोबत लॉगमध्ये लिहायला लावले. पायथनचे एसक्यूलाइट मॉड्यूल लॉक मिळावा म्हणून सांगितल्याशिवायही 5 सेकंद वाट पाहते. त्यामुळे सगळ्या त्रुटी पाच सेकंदांनंतरच्या असायला हव्या होत्या. प्रत्यक्षात लॉगमध्ये स्पष्ट दोन गट पडले. काही त्रुटी पाच सेकंदांची वाट पाहून आलेल्या होत्या आणि काही क्षणाचीही वाट न पाहता. पडद्यावरचे वाक्य दोन्हींचे सारखेच असले, तरी त्यांची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे असतात, आणि वाट पाहण्याची मुदत वाढवून फक्त पहिला गट कमी होतो. सगळीकडे सुचवला जाणारा ‘टाइमआउट वीस सेकंद करा’ हा उपाय कधी लागू पडतो आणि कधी मुळीच पडत नाही, त्याचे कारण हेच आहे.

पहिल्या गटाचे मूळ जँगोच्या ‘ॲटॉमिक रिक्वेस्ट्स’ या सेटिंगमध्ये सापडले. हे सुरू असले की ब्राउझरकडून आलेली प्रत्येक विनंती पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळली जाते. हेतू चांगला आहे, कारण मध्येच काही बिनसले तर अर्धवट नोंद मागे राहत नाही. पण इथे त्याच विनंतीत रिकामे वजन लिहिले जाई, मग एसएमएस पाठवणाऱ्या सेवेला इंटरनेटवरून निरोप जाई, तिच्या उत्तराची वाट पाहिली जाई, आणि ते आले की मग ट्रान्झॅक्शन पक्के होई. म्हणजे डेटाबेसचा एकमेव लिहिण्याचा लॉक किती वेळ धरायचा, हे गावातल्या इंटरनेटच्या वेगावर ठरत होते. संध्याकाळी नेट मंदावले की एकेक मेसेज आठ-दहा सेकंद घेई, आणि तेवढ्यात ऑफिसमध्ये पेमेंटची नोंद करणाऱ्याचे पाच सेकंद संपून जात.

याच ठिकाणी एक जुनी तक्रारही उलगडली. एक शेतकरी पेमेंटच्या खिडकीवर मोबाइल पुढे करून उभा होता. मेसेजमध्ये गाडीचा नंबर, वजन आणि भाव स्पष्ट लिहिलेले होते, पण ऑफिसच्या यादीत त्या पावतीची नोंदच नव्हती. जिनिंगवाल्यांनी वजन उडवले, असा त्याचा समज झाला आणि त्याच्या जागी मी असतो तर माझाही झाला असता. प्रत्यक्षात मेसेज ट्रान्झॅक्शन पक्के होण्याआधीच निघून गेला होता, नंतर त्याच विनंतीत पुढचे काहीतरी फसले आणि नोंद परत फिरली. डेटाबेसमधले लिहिणे मागे घेता येते. गेलेला मेसेज मागे घेता येत नाही. त्यामुळे मेसेज पाठवणे ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काढले. आता पावतीसोबत ‘पाठवायचे मेसेज’ या तक्त्यात एक ओळ लिहिली जाते आणि दोन्ही एकत्र पक्के होतात. वेगळा चालणारा एक लहान प्रोग्राम त्या तक्त्यातली ओळ वाचतो, मेसेज पाठवतो आणि पाठवून झाल्यावर खूण करतो. वाचणे आणि खूण करणे यांच्या मध्ये त्यालाही ट्रान्झॅक्शन उघडे ठेवू दिलेले नाही, नाहीतर तोच दोष नव्या ठिकाणी गेला असता.

वाट न पाहता येणारा दुसरा गट जास्त चकवणारा होता. जँगो ट्रान्झॅक्शन सुरू करतो तेव्हा एसक्यूलाइट लॉक लगेच घेत नाही. पहिले वाचन झाले की वाचण्याचा लॉक घेतला जातो आणि लिहिण्याची वेळ आली की तो वाढवून मागितला जातो. आता समजा, दोघांनी आधी वाचले आणि मग दोघांनाही लिहायचे आहे. एकाने लिहिण्याची तयारी केली, पण दुसऱ्याचे वाचन संपल्याशिवाय त्याला पक्के करता येत नाही. दुसरा वाचन सोडत नाही, कारण त्याला लिहायचे आहे. इथे कितीही थांबले तरी मार्ग निघणार नाही हे एसक्यूलाइट ओळखतो, आणि टाइमआउटकडे न पाहता एकाला तत्काळ परत पाठवतो. वर्तन अगदी बरोबर आहे, फक्त संदेश तोच असल्यामुळे वाचणाऱ्याला ते कळत नाही.

असा आधी वाचून मग लिहिणारा कोण, हे शोधताना मालकांच्या मोबाइलवरचे पान हाती लागले. दिवसभराची आवक, सरासरी भाव आणि देणे दाखवणारे हे पान दर मिनिटाला आपोआप ताजे होई, आणि प्रत्येक वेळी त्या दिवसाच्या सगळ्या पावत्या वाचून शेवटी त्यांची बेरीज ‘सारांश’ नावाच्या तक्त्यात लिहून ठेवी. मालक आणि त्यांचे चिरंजीव दोघेही ते पान दिवसभर उघडे ठेवत. नुसते पाहण्याचे वाटणारे पान दर मिनिटाला लिहीत होते. एका दिवसाच्या पावत्यांची बेरीज करायला डेटाबेसला काहीच वेळ लागत नाही, म्हणून तो सारांशाचा तक्ता सरळ काढून टाकला.

जिथे आधी वाचून मग लिहिणे खरोखर आवश्यक आहे, तिथे ट्रान्झॅक्शन ‘इमीजिएट’ प्रकाराने सुरू करावे लागते, म्हणजे लिहिण्याचा लॉक पहिल्या पायरीलाच मागितला जातो आणि टाइमआउट आपले काम करतो. जँगोच्या 5.1 आवृत्तीपासून हे सेटिंगमध्ये एका ओळीत सांगता येते. मात्र यात क्रम महत्त्वाचा आहे. ‘ॲटॉमिक रिक्वेस्ट्स’ सुरू ठेवून ‘इमीजिएट’ केले, तर नुसते वाचणारे प्रत्येक पानसुद्धा लिहिण्याचा लॉक घेऊ लागेल आणि आधीपेक्षा वाईट अवस्था होईल. आधी ते सेटिंग बंद केले, पावती आणि पेमेंट या दोन ठिकाणी ट्रान्झॅक्शन हाताने लिहिले, आणि मगच हा बदल केला.

यानंतर ‘वॉल’ मोड सुरू केला. 2010 मध्ये एसक्यूलाइटच्या 3.7.0 आवृत्तीत आलेल्या या पद्धतीत नवे बदल मूळ फाइलमध्ये न जाता आधी शेजारच्या लॉग फाइलमध्ये जातात, त्यामुळे वाचणारे आणि लिहिणारे एकमेकांना अडवत नाहीत. लिहिणारा तरीही एकच. पुष्कळ जण हा उपाय सर्वात आधी करतात. मी तो मुद्दाम शेवटी ठेवला, कारण मेसेजची वाट पाहत लॉक धरणारा कोड त्याने सुधारत नाही, फक्त तक्रार काही दिवस पुढे जाते. सर्व प्रोग्राम एकाच संगणकावर असणे ही त्याची अट आहे, आणि शेअरिंग बंद केल्यामुळे ती इथे पूर्ण झाली होती.

‘वॉल’सोबत ‘सिंक्रोनस नॉर्मल करा, वेग वाढतो’ असाही सल्ला हमखास मिळतो. नोंद डिस्कवर खरोखर पोचेपर्यंत कितपत थांबायचे, हे त्या सेटिंगने ठरते. ‘नॉर्मल’मध्ये फाइल बिघडत नाही, पण अचानक वीज गेली तर शेवटच्या काही पक्क्या झालेल्या नोंदी नाहीशा होऊ शकतात. आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही आणि त्या संगणकाचा यूपीएस नावापुरता आहे. छापील पावती शेतकऱ्याच्या हातात आणि डेटाबेसमध्ये तिचा पत्ता नाही, असाच प्रसंग मेसेजच्या बाबतीत आम्ही एकदा वेगळ्या कारणाने पाहिलेला होता. म्हणून ते सेटिंग मूळच्या ‘फुल’वरच ठेवले आणि पावतीची छपाई ट्रान्झॅक्शन पक्के झाल्यानंतरच सुरू होईल अशी व्यवस्था केली.

राहिला बॅकअप. दिवाणजी रोज संध्याकाळी डेटाबेसची फाइल पेनड्राइव्हवर कॉपी करत. ‘वॉल’ मोडमध्ये ही सवय धोक्याची ठरते. सर्व्हरची जोडणी उघडी असेल तर शेजारचा लॉग साधारण 1000 पानांचा (पान म्हणजे फाइलचा ठरावीक आकाराचा तुकडा), म्हणजे नेहमीच्या 4096 बाइटच्या पानाने 4 एमबीच्या आसपास, होईपर्यंत त्यातला मजकूर मूळ फाइलमध्ये आपोआप जात नाही, आणि लहान जिनिंगच्या कित्येक तासांच्या पावत्या तेवढ्यात मावतात. नुसती मूळ फाइल उचलली तर प्रत उघडेल, तपासणीत ‘ओके’ही येईल, पण दुपारनंतरची खरेदी तिच्यात नसेल. आता कॉपी-पेस्ट बंद केले आहे. डेस्कटॉपवरच्या एका बटणाने ‘व्हॅक्यूम इंटू’ ही आज्ञा चालते, चालू डेटाबेसची एकसंध प्रत थेट पेनड्राइव्हवर तयार होते, आणि ती प्रत उघडून तिच्यातला शेवटचा पावती क्रमांक पडद्यावर दाखवला जातो. तो क्रमांक काट्यावरच्या शेवटच्या पावतीशी ताडून पाहून रोजच्या खरेदी वहीत लिहायचे काम दिवाणजींनी आपणहून स्वतःकडे घेतले.