पिल्लू स्वतःची शी खातं तेव्हा

कुत्र्याचं दोन-अडीच महिन्यांचं पिल्लू घरी आलं की पहिल्या पंधरवड्यात अनेक घरांत हा प्रकार दिसतो. पिल्लू कोपऱ्यात शी करतं, वळून हुंगतं, आणि आपण कागद घेऊन येईपर्यंत फरशी रिकामी. मग घरात आरडाओरडा होतो. कुणी पिल्लाचं नाक फरशीवर घासतं, कुणी म्हणतं आता हे मुलांच्या जवळ नको.

पिल्लाच्या लेखी ती घाण नसते, हे आधी समजून घ्या. जन्मानंतर साधारण तीन आठवडे पिल्लांना आपणहून शी-शू होत नाही. आई चाटते तेव्हा होते, आणि आईच ती चाटून खाऊन टाकते. डोळे उघडण्याआधीपासून पिल्लू याच व्यवस्थेत वाढलेलं असतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या बेंजामिन हार्ट आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली या सवयीवर मोठी पाहणी प्रसिद्ध केली. त्यात सुमारे १६ टक्के कुत्री वारंवार शी खाणारी निघाली, आणि त्यातली बहुतेक दोन दिवसांच्या आतली, म्हणजे ताजी शी खाणारी. त्यांचा तर्क असा, की लांडग्यांच्या काळात गुहेजवळची शी जंत तयार होण्याआधीच खाऊन टाकणं टोळीच्या फायद्याचं होतं. तर्क बाजूला ठेवला तरी त्यातला ‘ताजी’ हा शब्द फार कामाचा आहे. इलाज त्याच्याच भोवती फिरतो.

याच पाहणीत शी कडू लागावी म्हणून विकल्या जाणाऱ्या ११ गोळ्या-पावडरींचाही हिशेब होता. गुण आल्याचं प्रमाण होतं ० ते २ टक्के. म्हणून त्या डबीवर पैसे घालवू नका असंच माझं स्पष्ट सांगणं आहे. अननस, पपई, भोपळा खाऊ घालण्याच्या सल्ल्यांना तर एवढाही आधार नाही. शीवर तिखट टाकायचा उपाय काही घरांत करतात, तो क्रूर आहे आणि निरुपयोगीही. नाक-डोळे भाजतात, आणि पिल्लू एवढंच शिकतं की तिखट नसलेली शी निवडावी. लसूण-कांद्याची पावडर तर मुळीच नको, ती कुत्र्यांच्या रक्तातल्या लाल पेशी नष्ट करते.

आधी पोट तपासा

सवय मोडायला बसण्याआधी आजार नाही ना, हे बघावंच लागतं. ताज्या शीचा सुपारीएवढा नमुना स्वच्छ डबीत घ्या आणि काही तासांच्या आत व्हेटकडे न्या. लगेच जमत नसेल तर डबी फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. जिआर्डियाचा (आतड्यातल्या एकपेशीय परजीवीचा) संशय असेल तर वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने मागतात, कारण तो प्रत्येक शीतून बाहेर पडत नाही. जंतांचं औषध दोन आठवड्यांच्या वयापासून दर १५ दिवसांनी, साधारण तीन महिन्यांनंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा, असा क्रम बहुतेक व्हेट पाळतात. मात्रा वजनावर ठरते, म्हणून प्रत्येक वेळी नव्याने वजन करा. वाढत्या पिल्लाला मागच्या महिन्याची मात्रा कमी पडते आणि जंत तसेच राहतात. पिल्लाला उचलून वजनकाट्यावर उभं राहा आणि त्यातून आपलं वजन वजा करा, एवढं पुरतं.

भरपूर खाऊनही पिल्लू रोडावत असेल आणि शी ढीगभर, फिकट, तेलकट होत असेल, तर स्वादुपिंडाची पाचकरसं कमी पडत असण्याची शक्यता आहे. जर्मन शेफर्डमध्ये हा आजार विशेष दिसतो. त्याची रक्ततपासणी वेगळी असते, ती व्हेटला विचारून करून घ्या. खाजेसाठी स्टेरॉइड चालू असेल तर त्यानेही भूक बेफाम वाढते.

यापेक्षा कितीतरी जास्त वेळा कारण ताटलीत सापडतं. आपल्याकडे अजूनही पिल्लाला दूध-पोळी किंवा दूध-भात घालतात. आईचं दूध सुटल्यावर दुधातली साखर पचवण्याची ताकद कमी होत जाते. वाढीला लागणारी प्रथिनं आणि कॅल्शियम पोळीत पुरेसं नसतं. पोट बिघडतं, शीतून अर्धवट पचलेलं अन्न बाहेर पडतं, आणि त्याला अन्नाचा वास येत असेल तर पिल्लाने तोंड लावलं यात नवल नाही. पपी फूड देत असाल तर पाकिटावरचा तक्ता बघून दिवसाचं माप किचनच्या काट्यावर ग्रॅममध्ये मोजा. चार महिन्यांपर्यंत त्याचे तीन ते चार भाग, सहा महिन्यांपर्यंत तीन, पुढे दोन. वाटीने अंदाजे घातलं की कधी उपाशी, कधी अति. अतिखाण्यानेही शी सैल होते आणि पचन अर्धवट राहतं. बरगड्यांवरून हलका हात फिरवल्यावर त्या जाणवाव्यात, पण दिसू नयेत. अन्न बदलायचं तर सात ते दहा दिवसांत, पाव हिस्सा नवं, मग निम्मं, मग पाऊण, असं सरकत जा. एका रात्रीत बदललंत तर हगवण लागेल आणि मूळ प्रश्न आणखी चिघळेल.

खरी कसोटी: शी पडल्यानंतरचे काही सेकंद

ताजी शी पिल्लासमोर काही सेकंदसुद्धा एकटी पडू द्यायची नाही. पिल्लू जेवढ्या वेळा खातं, तेवढी सवय पक्की होते. जेवढ्या वेळा खायची संधीच मिळत नाही, तेवढी ती सुटते. त्यासाठी शी कधी होणार हे आपल्याला आधी ठाऊक हवं.

चार-पाच दिवस फ्रीजवर कागद लावून वेळा लिहा: जेवण कधी, शी कधी, झोपेतून उठलं कधी. या वयात दिवसाला चार ते सहा वेळा शी होणं नेहमीचं आहे. पोटात अन्न गेलं की आतडी हलतात, त्यामुळे बहुतेकदा जेवणानंतर ५ ते ३० मिनिटांत शी होते. झोपेतून उठल्यावर आणि दंगामस्ती मध्येच थांबवून पिल्लू हुंगत गोल फिरू लागलं की त्या दोन्ही वेळाही पक्क्या समजा. दिवसभर ताटलीत खाणं भरून ठेवणाऱ्यांना हे वेळापत्रक कधीच सापडत नाही. ताटली १५ मिनिटांनी उचलायचीच.

आता कृती. पिल्लाला घरातसुद्धा पट्टा लावून शीच्या जागेवर न्या. लसीकरण पूर्ण व्हायला साधारण १६ आठवडे लागतात, तोवर सोसायटीच्या आवारात उतरवणं धोक्याचं असतं, त्यामुळे फ्लॅटमध्ये ही जागा म्हणजे बाल्कनीतला पेपर किंवा पॅड. पट्ट्याची दोरी (लीश) दीड मीटरची पुरे, आणि ढिली धरा. शी चालू असताना गप्प राहा. मध्येच बोललात तर पिल्लू अर्धवट उठतं आणि उरलेली शी पाच मिनिटांनी सोफ्यामागे होते. ते उठून सरळ उभं राहिलं, की वळून हुंगण्याआधीच त्याच्या नाकापाशी खाऊ धरा, आनंदाने नाव घ्या आणि पाच-सहा पावलं दूर चालत न्या. खाऊ तिथे, दूर गेल्यावर द्यायचा. हा वेळ एक-दोन सेकंदांचा आहे, तेव्हा खाऊ खिशात किंवा मुठीत तयार हवा. डबा शोधायला स्वयंपाकघरात गेलात तर संपलं.

खाऊ म्हणजे रोजचे दाणे नव्हेत. या एकाच कामासाठी राखून ठेवलेलं काहीतरी हवं. बिनमिठाचं उकडलेलं चिकन वाटाण्याएवढे तुकडे करून ठेवा. घरात मांसाहार नसेल तर पनीर, किंवा उकडलेलं रताळं. दिवसभराचा सगळा खाऊ एकूण आहाराच्या दहाव्या हिश्श्यावर जाऊ देऊ नका.

दोन माणसं असतील तर एकाने पिल्लाला न्यावं, दुसऱ्याने उचलावं. एकटे असाल तर जुना प्लास्टिकचा टब शीवर उपडा घाला, पिल्लाला दुसऱ्या खोलीत सोडा आणि मग सावकाश साफ करा. टब उपडा घालायची ही युक्ती साधी आहे, पण एकट्या माणसाचं निम्मं काम तिथेच होतं.

दोन-तीन आठवडे हे नेमाने झालं की एक सुंदर बदल दिसतो: पिल्लू शी करून उठतं आणि शीकडे वळण्याऐवजी तुमच्याकडे बघतं. काही पिल्लं पळतच येतात. काही हुशार पिल्लं खाऊसाठी खोटं खोटं बसूनही दाखवतात. त्याची काळजी नको, फक्त शी झाली असेल तरच खाऊ द्या.

‘सोड’ वेगळं शिकवा

हा शब्द शीजवळ उभं राहून शिकवता येत नाही, तिथे मोह फार मोठा असतो. बंद मुठीत रोजचे दोन दाणे ठेवून मूठ पिल्लासमोर धरा. ते चाटेल, कुरतडेल, पंजा मारेल. काही बोलू नका. ज्या क्षणी नाक मागे घेईल त्या क्षणी ‘हां’ म्हणा आणि दुसऱ्या हातातून चिकनचा तुकडा द्या. हे जमल्यावर दाणे जमिनीवर, वर तळहात. मग तळहाताऐवजी चपलेचा पाय. मग दाणे उघड्यावर आणि पिल्लू पट्ट्यावर. ‘सोड’ हा शब्द नाक आपोआप मागे जायला लागल्यावरच जोडायचा. पाच मिनिटांची दोन-तीन सत्रं रोज पुरतात. घरात सगळ्यांनी एकच शब्द वापरावा. आजोबा ‘छी’, मुलं ‘नो’ आणि आई ‘सोड’ म्हणत राहिली तर पिल्लाला काहीच कळत नाही. आणि नुसत्या ‘सोड’वर विसंबू नका. आपण तिथे नसताना हा शब्द चालत नाही, म्हणून मुख्य काम वर सांगितलेल्या सेकंदांचंच.

बिघडतं ते इथे

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ओरडत धावणं. तुम्ही झेपावलात की पिल्लाला वाटतं हे फार मोलाचं आहे आणि आता हिसकावलं जाणार. ते आणखी वेगाने गिळतं. मार किंवा नाक घासणं त्याहून वाईट. त्यातून ते शिकतं की माणसासमोर शी करणं धोक्याचं, म्हणून पलंगाखाली जाऊन करतं आणि तिथे खायला पूर्ण मोकळीक मिळते. घासलेलं नाक चाटून साफ करताना शी तोंडात जातेच, ते वेगळं.

तोंडात घेतलीच असेल तर बोटं घालून ओढू नका. चिकनचे चार-पाच तुकडे जमिनीवर भिरकावा, बहुतेकदा तोंड उघडतं. गिळली असेल तर विषय सोडा. ओकारी काढायला मीठ कदापि देऊ नका, मिठाने पिल्लं दगावतात. पाणी द्या, ओल्या फडक्याने तोंड पुसा.

पहाटेची शी हा वेगळा प्रश्न आहे. रात्रीचं जेवण दहा वाजता आणि सगळे सकाळी सातला उठणार, तर मधल्या वेळात क्रेटमध्ये, म्हणजे पिल्लाच्या झोपायच्या पिंजऱ्यात, काय होणार हे उघड आहे. शेवटचं जेवण झोपेच्या तीनेक तास आधी द्या, झोपताना एकदा शीच्या जागेवर न्या, आणि आठ-दहा आठवड्यांच्या पिल्लासाठी पहाटे तीनच्या सुमारास एकदा उठा. क्रेट एवढाच असावा की पिल्लू उभं राहील, वळेल, पाय ताणून झोपेल. विक्रेत्याकडे आठवडेच्या आठवडे अरुंद पिंजऱ्यात, आपल्याच शीत राहिलेल्या पिल्लांची सवय जुनी असते. त्यांना जास्त वेळ लागतो, आणि त्यांच्यावर तर आवाज मुळीच चढवू नये.

सात-आठ तास एकटं, रिकामं पडलेलं पिल्लू जे मिळेल त्याच्याशी खेळतं, त्यात शीही आली. दुपारी कुणीतरी येऊन जेवण-शी-खेळ उरकून जाईल अशी सोय सहा महिन्यांचं होईपर्यंत करावीच लागते.

साफसफाईत आधी घन भाग उचला, साबणपाण्याने धुवा, मग पेट शॉपमध्ये मिळणारं एन्झाइमचं द्रव बाटलीवर लिहिलेल्या वेळेपर्यंत तसंच राहू द्या. अमोनियाची द्रवं टाळा, त्यांचा वास शूसारखा येतो. पार्व्होची (पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या विषाणूजन्य हगवणीची) शंका असेल तर धुतलेल्या फरशीवर एक लिटर पाण्यात सुमारे ३० मिलि घरगुती ब्लीच घालून दहा मिनिटं ओलं ठेवा, पिल्लाला तोवर लांब ठेवून.

घरात लहान मुलं असतील तर सवय सुटेपर्यंत तोंड चाटू देणं बंद, आणि पिल्लाशी खेळून झाल्यावर हात साबणाने धुणं सक्तीचं. पोटातल्या गोल जंतांची अंडी माणसांनाही बाधतात. शी पडल्या पडल्या ती अंडी बाधत नाहीत, पक्व व्हायला त्यांना दोन ते चार आठवडे लागतात. जिआर्डिया मात्र ताज्या शीतूनही पसरतो.

गावाकडे गाईचं शेण आणि शेळीच्या लेंड्या पिल्लं आवडीने खातात. थोडं शेण खाल्ल्याने सहसा काही होत नाही, पण जनावरांना नुकतं आयव्हरमेक्टिन हे जंतांचं औषध दिलं असेल तर त्यांच्या शेणातून ते बाहेर पडतं. कोली आणि त्या वळणाच्या जातींच्या कुत्र्यांना ते घातक ठरू शकतं. डोस दिल्यावर काही दिवस पिल्लाला गोठ्यापासून लांब बांधा.

लसीकरण झाल्यावर बाहेर फिरायला निघालात तरी हाच क्रम चालू ठेवा: पट्टा, खिशात खाऊ, शी झाली की पाच-सहा पावलं दूर. आता शी उचलायची पिशवी दुसऱ्या हातात आधीच उघडून धरा. सलग तीन आठवडे पिल्लाने वळून हुंगलंही नाही, तर खाऊ एकाआड एक वेळा द्या, मग तीनांतून एकदा. पुन्हा वळायला लागलं तर आठवडाभर प्रत्येक वेळी द्यायला लागा. मोकळ्या मैदानात पट्टा काढणं सगळ्यात शेवटी, आणि तेही सकाळची शी उरकल्यानंतरच.