दिशांची गणितं आणि कोलव्याचा समुद्र

भाची स्पर्धा परीक्षेची तयारी करतेय, परवा वैतागून म्हणाली, मावशी, ह्या दिशांच्या गणितात उजवं-डावं करता करता डोकंच फिरतं गो. मी तिला म्हटलं, डोळे मीट आणि आपल्या गोव्यातल्या कोलव्याच्या वाळूत उभी राहा. समुद्र समोर म्हणजे पश्चिम, उजवा हात उत्तरेला, डावा दक्षिणेला, पाठीमागे मडगाव म्हणजे पूर्व. हे एकदा पक्कं झालं की वळणं आपोआप समजतात, कारण उजवीकडे वळ म्हणजे पूर्वेकडे वळ असं नसतं, आत्ता तोंड कुठे आहे त्यावर ते ठरतं, आणि बहुतेक मुलं इथेच चुकतात.

मग कागदावर हे गणित केलं: एक मुलगी घरातून 7 किमी उत्तरेला गेली, उजवीकडे वळून 4, परत उजवीकडे वळून 4. दुसऱ्या वळणानंतर तोंड दक्षिणेला, म्हणून 7 मधून 4 वजा, उत्तरेला उरले 3, पूर्वेला 4. पायथागोरस लावला की सरळ अंतर 5 किमी. एकूण चाललेले 15 हे उत्तर नव्हे! आणि दिशा? निघालेल्या जागेपासून ईशान्य, पण प्रश्न उलटा असेल, म्हणजे घर आता कुठल्या दिशेला, तर नैर्ऋत्य. प्रश्नाचं शेवटचं वाक्य दोनदा वाच असं मी तिला बजावूनच सांगितलं.

सावलीचं गणित मला सगळ्यात आवडतं. सकाळी सावली पश्चिमेला पडते, ती उजव्या हाताला असेल तर तोंड दक्षिणेला. काल सकाळी अंगणात तुळशीपाशी उभी राहून तिने स्वतःच ते करून बघितलं.