मागच्या रांगेतला ठोका

टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काठी, हातात येण्याआधी दोन वर्षं मी लॅपटॉपवर ढोल वाजवत होते. ‘ओसू!’ हा फुकट मिळणारा गेम, ऑस्ट्रेलियाच्या डीन हर्बर्टनं 2007 मध्ये आणलेला. त्यात एक प्रकार जपानी ताइको ढोलाचा आहे. उजवीकडून गोल सरकत येतात. लाल आला की ढोलाच्या मधोमध मारायचं, निळा आला की कडेवर. ही कल्पना मुळात 2001 सालच्या ‘ताइको नो तात्सुजिन’ या जपानी आर्केड गेमची. तिथं समोर खरोखरीचा ढोल ठेवलेला असतो. माझ्याकडे कीबोर्डवरचे एफ आणि जे म्हणजे मध्य, डी आणि के म्हणजे कडा. मधल्या पातळीच्या गाण्यात ठोका 35 मिलिसेकंदांपेक्षा मागेपुढे झाला की पूर्ण गुण मिळत नाहीत, आणि मला ते गुण हवेच असायचे.

2025 च्या जूनमध्ये पुण्यातल्या एका ढोल-ताशा पथकाचा फॉर्म भरला. आधार कार्डाची प्रत, रक्तगट, आईबाबांची सही. बाबा लगेच तयार झाले. आईनं मात्र परतायची वेळ आणि सोबत कोण, हे दोन्ही कागदावर लिहून घेतलं.

सराव नदीपात्रात, पत्र्याच्या मांडवात. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की त्या दिवशी सुट्टी. पहिले काही दिवस नव्या मुलामुलींना ढोल मिळालाच नाही. गोल करून उभं राहायचं, ताल तोंडानं म्हणायचा आणि टाळ्यांवर धरायचा. मला हे फार आवडलं, कारण गेममध्ये मी कधी काही तोंडानं म्हटलं नव्हतं. तोंडात बसलेला ताल हातात यायला वेळ लागत नाही, हे तिथं पहिल्यांदा जाणवलं. गावठी हा ताल मला दोन संध्याकाळींत आला. लाल म्हणजे टिपरू, निळा म्हणजे दुसऱ्या हाताची थापी, एवढंच डोक्यात धरलं होतं.

अंगाची गोष्ट निराळी. ढोल कमरेला बांधला की दोरी काचते. आत जाड ओढणी गुंडाळायची युक्ती एका ताईनं शिकवली. थापीच्या हाताची बोटं कडेवर आपटून फुटतात, म्हणून वाजवायच्या आधीच चिकटपट्टी लावायची. कानात फोमचे प्लग मात्र मी कुणी सांगायची वाट न बघता घातले. अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संस्थेची शिफारस मला माहीत होती: 85 डेसिबलला आठ तास, आणि पुढं दर 3 डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे 100 डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं! पथकात अजूनही बरेच जण प्लग घालत नाहीत. मला ते मनापासून चुकीचं वाटतं आणि मी ते प्रत्येकाला सांगते.

जुलैच्या शेवटी सगळ्या रांगा एकत्र उभ्या राहिल्या आणि मी शेवटच्या रांगेत गेले. तिथं माझं बिनसलं. सराव घेणारा दादा दर थोड्या वेळानं मागं यायचा आणि म्हणायचा, “तू मागं पडतेयस.” मला खात्री होती की मी पुढच्या ताशाच्या ठोक्यावरच मारतेय. तीन संध्याकाळी हेच झालं. घरी येऊन लॅपटॉप उघडायचे, तिथं सगळे ठोके बरोबर.

चौथ्या दिवशी त्यानं माझ्या शेजारी उभं राहून सांगितलं, “ऐकू नकोस. ताशाच्या काड्यांकडे बघ.”

रात्री वहीत गणित मांडलं. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. ताशापासून मी सतरा मीटरवर असेन तर ठोका माझ्यापर्यंत यायलाच 50 मिलिसेकंद लागतात. मी अगदी अचूक मारला तरी माझा ढोल पुढं ऐकू जायला आणखी 50. म्हणजे पुढं उभ्या असलेल्या दादाला मी 100 मिलिसेकंद उशिरा ऐकू येत होते. गेममध्ये ब्लूटूथ हेडफोन लावले की आवाज उशिरा येतो, तेव्हा आपण सेटिंगमध्ये ऑफसेट, म्हणजे आवाज आणि चित्र यांच्यातलं अंतर, बदलतो. इथं तो ऑफसेट डोळ्यांनी भरायचा होता. उजेड वाटेत थांबत नाही.

पथकं किती मोठी असावीत, यावर पुण्यात वाद झालेला आहे. राष्ट्रीय हरित लवादानं पथकात तीसच जण अशी मर्यादा घातली होती आणि सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिला स्थगिती दिली. मला मोठं पथक हवं आहे. पण जितक्या रांगा वाढतील तितकं मागच्यांना बघून वाजवायला शिकवलं पाहिजे, आणि ते पहिल्याच आठवड्यात.

कान सोडून डोळ्यांवर विश्वास ठेवायला मला आठ-दहा दिवस लागले. काडी वर गेली की टिपरू उचलायचं, खाली येताना आपणही खाली. ठोका कानावर येईपर्यंत माझा पडून गेलेला असायचा, आणि सुरुवातीला ते चुकल्यासारखंच वाटायचं. नंतर कधीतरी दादा मागं येईनासा झाला.

6 सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीला, बेलबाग चौकातून लक्ष्मी रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंच्या इमारतींवरून आवाज परत येत होता. एकेक ठोका दोनदा, तीनदा. कानावर राहिले असते तर तिथं हरवलेच असते. पुढच्यांच्या फेट्यांमधून ताशाच्या काड्या दिसत होत्या, तेवढ्यावर नजर ठेवली. ध्वज उंच गेला, ताल बदलला आणि आमची अख्खी रांग एकाच वेळी बदलली. शेजारची मुलगी रडत होती आणि वाजवत होती. माझंही तेच चाललं होतं.

अलका चौकात ढोल सोडला तेव्हा हात वर जात नव्हते. त्याच रात्री दादाला विचारलं, “मला ताशा शिकायचाय, शिकवशील?” त्यानं पिशवीतून जुन्या दोन काड्या काढून दिल्या आणि सांगितलं, पुढच्या जूनपर्यंत उशीवर तर्री, म्हणजे ताशाचे सलग भराभर ठोके, घोटायची, दोन्ही हात सारखे वाजेपर्यंत. जेवणानंतर रोज अर्धा तास बसते. डावा हात अजून मागं पडतो.