प्रॉगची वही: तेरा मात्रांपर्यंत

मागची नोंद मार्चमधली. तेव्हा मी पिंक फ्लॉइडच्या ‘मनी’ या गाण्यावर अडकले होते. मधल्या पाच महिन्यांत बरंच ऐकून झालं, एक यंत्र बिघडलं, एक दुरुस्त झालं (तेच), आणि एका गाण्याने पार घाम काढला. त्याबद्दल शेवटी.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी नियम पुन्हा सांगते. आठवड्याला एकच रेकॉर्ड, दोन्ही बाजू सलग, मोबाइल दुसऱ्या खोलीत. आणि ऐकताना मांडीवर हाताने मात्रा धरायच्या, लहानपणी तबल्याच्या क्लासात धरायचो तशा. तबला सातवीत सुटला, पण टाळी-खालीची खोड राहिली. प्रॉग रॉक, म्हणजे रॉकमधला लांबलचक गाण्यांचा आणि वाकड्यातिकड्या मात्रांचा प्रकार, मला आवडायला लागला तो याच खोडीमुळे. ज्या गाण्यात चार-चार करून हात चालत नाही तिथे माझे कान उभे राहतात.

आधी ‘मनी’चा हिशेब. सात मात्रा, म्हणजे रूपक ताल लावून बघणार हे ओघानेच आलं. ती ती ना, धी ना, धी ना. दुसऱ्याच आवर्तनात हात अडखळला. रूपकात समेवरच, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, खाली असते, हात तिथे उलटा पडतो, तबलाही हलकेच बोलतो. ‘मनी’त नेमका त्याच जागी बेसचा जड स्वर येतो. मात्रा तेवढ्याच, वजन मात्र भलत्या ठिकाणी. शेवटी रूपक सोडला आणि सरळ बोटांवर सात मोजले. सुरुवातीचा तो नाण्यांचा, फाटणाऱ्या कागदाचा, गल्ल्याचा आवाजसुद्धा सातच तुकड्यांचा आहे. १९७३ च्या त्या रेकॉर्डसाठी टेपचे तुकडे फूटपट्टीने मोजून कापले आणि जोडून त्यांची माळ केली होती. फूटपट्टीवर मोजलेला ठेका! सॅक्सोफोन सातातच वाजतो, पण गिटारचा सोलो आला की गाणं गुपचूप चारात उतरतं. माझा हात तिथे अजूनही सवयीने सात मोजत पुढे जातो आणि तोंडघशी पडतो.

एप्रिल-मे

किंग क्रिमझन या बँडची पहिली रेकॉर्ड, ऑक्टोबर १९६९ ची. त्याच्या तीनच महिने आधी, ५ जुलैला, ही पोरं लंडनच्या हाइड पार्कात रोलिंग स्टोन्सच्या आधी वाजवून गेली होती, एकही रेकॉर्ड बाजारात नसताना. पण मला बोलायचंय ते त्या रेकॉर्डवरच्या मेलोट्रॉनबद्दल.

मेलोट्रॉन दिसायला पेटीचा मोठा भाऊ, आतून टेपरेकॉर्डर. बर्मिंगहॅममध्ये १९६३ पासून बनायला लागलं. पट्टी दाबली की तिच्याखालची टेप रोलरवर दाबली जाऊन सरकायला लागते, आणि तिच्यावर आधीच भरून ठेवलेलं खऱ्या व्हायोलिनचं किंवा बासरीचं वादन ऐकू येतं. १९७० चं जे मॉडेल सगळ्यांकडे दिसतं त्यात पट्ट्या ३५, म्हणून टेपाही ३५. एकेक टेप साधारण आठ सेकंदांची. आठ सेकंद झाले की स्वर खलास. पट्टी सोडली की स्प्रिंग टेपेला मागे ओढते, मग पुन्हा आठ सेकंद मिळतात. पेटीवाल्याचा भाता असा दगा देत नाही. म्हणून मेलोट्रॉनवाला बोटं सगळी एकदम उचलत नाही, एकेक करून उचलतो. एका स्वराचा दम संपत आला की दुसऱ्याचा नुकताच सुरू झालेला असतो. त्यात टेप दरवेळी अगदी सारख्या वेगाने सरकत नाही, त्यामुळे सूर किंचित हलतो. थंडीत कुडकुडणारं व्हायोलिन असावं तसा. त्या हलण्यावरच तर आपण सगळे फिदा आहोत.

तर तीन आठवडे मी ते हलणं अगदी डोळे मिटून ऐकलं. वहीत चक्क लिहून ठेवलंय, ‘मेलोट्रॉन किती जिवंत!’ चौथ्या आठवड्यात जेनेसिसची ‘सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड’ लावली. ‘फर्थ ऑफ फिफ्थ’च्या सुरुवातीला नुसता पियानो आहे. तोही हलत होता.

पियानो हलत नाही हो.

टर्नटेबल जुन्या बाजारातून घेतलेलं, बेल्टवर चालणारं. तेव्हा ‘बेल्ट नवा आहे ताई’ असं ऐकलं होतं आणि मी विश्वास ठेवला होता. तपासण्याचा स्वस्त उपाय सांगते, कुणाला लागला तर. स्ट्रोब चकती म्हणजे कागदाची गोल चकती, कडेने काळे पट्टे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे जुनी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. चकतीवर १८० पट्टे असले आणि तबकडी मिनिटाला बरोबर ३३⅓ फेरे घेत असली, तर त्या उजेडात पट्टे जागच्या जागी थबकल्यासारखे दिसतात. मागे सरकले तर वेग कमी, पुढे सरकले तर जास्त. आता घरात सगळीकडे एलईडी, त्यांच्यावर भरवसा नाही. चोकवाली ट्यूब एकच उरली होती, माळ्याजवळची. मग स्टुलावर टर्नटेबल, त्यावर चकती, आणि मी मान वाकडी करून. पट्टे थांबलेत असं वाटायचं, मग हळूच मागे, मग पुन्हा थांबायचे. बेल्ट काढून बघितला तर एका जागी चपटा आणि चकचकीत झालेला. नवा बेल्ट घातला, मोटरची पुली स्पिरिटने पुसली, आणि पियानो जाग्यावर आला.

मग क्रिमझन पुन्हा लावली. मेलोट्रॉन अजून हलतो, पण पूर्वीपेक्षा निम्माच. म्हणजे माझ्या कौतुकातला अर्धा वाटा त्या चपट्या बेल्टचा होता. वहीतलं वाक्य खोडलेलं नाही, समोर फक्त तारीख घातली आहे.

जून

जेनेसिसचीच ‘फॉक्सट्रॉट’, १९७२. दुसऱ्या बाजूचं जवळजवळ सगळं तेवीस मिनिटांचं ‘सपर्स रेडी’ व्यापून टाकतं. त्याचा सहावा भाग नऊ मात्रांचा आहे आणि ते नावातच सांगून टाकलंय. नऊ म्हटल्यावर मत्तताल आठवला, पण इथे तीन-दोन-चार असे तुकडे पाडले तरच हात बसतो. बेस आणि ड्रम्स ते तीन-दोन-चार जात्यासारखं फिरवत राहतात आणि वर टोनी बँक्सचा ऑर्गन त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता स्वतःच्या चालीने निघून जातो. आपल्याकडे तबल्याच्या एकल वादनात लेहरा, म्हणजे साथीची सुरावट, एकाच चालीवर फिरत राहतो आणि तबलजी वर मनसोक्त खेळतो. तेच नातं, फक्त कामं अदलाबदल केलेली. हे सुचल्यावर पुढे सोपं गेलं. दहापैकी आठ वेळा सम पकडली.

जुलै

‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’बद्दल भांडण होणार हे माहीत आहे. येसची डिसेंबर १९७३ ची ही दोन तबकड्यांची रेकॉर्ड: चार बाजू, चार गाणी, प्रत्येकाला एक अख्खी बाजू. येसचा गायक जॉन अँडरसन याला ही कल्पना परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेवरून सुचली. त्या टीपेत शास्त्रांचे चार प्रकार दिले आहेत, त्यावरून एकेक बाजू. श्रुती, स्मृती, पुराणं, तंत्र. आईच्या कपाटात ते आत्मचरित्र, ‘योगी कथामृत’, पिढ्यान्‌पिढ्या असल्यासारखं पडून आहे. ते काढून टेबलावर ठेवलं आणि मगच सुई टेकवली. आई म्हणाली, “वाचणारेस की नुसतं दाखवायला काढलंयस?” उत्तर दिलं नाही.

माझं मत असं, की पहिली आणि चौथी बाजू उत्तम. दुसरीत मी दोनदा झोपले. तिसरीत गिटार कुठेतरी निघून जाते आणि परत येईस्तोवर चहा होतो. येसचा कीबोर्डवादक रिक वेकमन यालाही ही रेकॉर्ड फारशी मानवली नव्हती. मँचेस्टरच्या कार्यक्रमात त्याने स्टेजवरच कीबोर्डच्या आड करी खाल्ली, तो किस्सा त्याने स्वतःच अनेकदा सांगितलाय. शास्त्रांवरच्या गाण्याला करीचा नैवेद्य! दौऱ्यानंतर तो बँड सोडून गेला. मात्रा मोजण्याच्या बाबतीत या महिन्यात विशेष काही हाती लागलं नाही.

ऑगस्ट

आता ‘स्टारलेस’. किंग क्रिमझनच्या ‘रेड’वरचं शेवटचं गाणं, १९७४, बारा मिनिटं. रेकॉर्ड दुकानात यायच्या आधीच गिटारवादक रॉबर्ट फ्रिपने बँड बंद करून टाकला होता.

पहिली चारेक मिनिटं मेलोट्रॉन आणि गाणं, सरळ चालीची, जीव लावणारी. मग सगळं थांबतं आणि बेस एकटा एक ओळ वाजवायला लागतो. तेरा मात्रांची. त्यावर फ्रिप दोन तारांवर एकच सूर आलटून पालटून छेडत राहतो आणि मिनिटामिनिटाने इंचभर वर सरकतो. बिल ब्रूफर्ड ड्रमवर बसलाय खरा, पण ठेका देतच नाही. कुठे लाकडावर टकटक, कुठे झांजेला हलका स्पर्श, कुठे काहीच नाही. मी ड्रमवर कान ठेवून मोजत होते, आणि तेरा कधी बारा व्हायचे, कधी चौदा. आठवडा गेला. पानभर रेघोट्या.

खालच्या मजल्यावरचे काका भजनी मंडळात पखवाज वाजवतात. पेपर परत द्यायला आले होते, ते दारातच थबकले.

“काय गं हे? कुणी गेलंय का?”

“नाही हो काका, तेरा मात्रा मोजतेय. चुकतंय.”

काका आत आले, खुर्चीच्या कडेवर टेकले आणि म्हणाले, “पुन्हा लाव.” पुन्हा लावलं. ते हाताने काही धरत नव्हते, नुसती मान किंचित हलत होती. दोन-तीन मिनिटांनी म्हणाले, “तू त्या टकटकवाल्याच्या मागे कशाला लागलीयस? तो खेळतोय. खालचा जाड आवाज धर. आमच्याकडे बुवा कितीही फिरून आले तरी पखवाज जागेवर असतो. ह्यांच्यात पखवाजच फिरायला गेलाय, बुवा बसलेत जागेवर.”

बेस धरला. चार-चार-पाच असं मला बसलं. कुणाला सहा-सात असंही बसेल. तिसऱ्या आवर्तनाला हात आणि बेस एकत्र खाली आले, पाचव्यालाही आले. मग तो सूर चढत चढत जातो, ड्रम्स एकदम जागे होतात, तेच तेरा दुप्पट वेगाने पळायला लागतात, सॅक्सोफोन किंचाळतो. तिथे मी मोजणं सोडून दिलं. काकांनी मात्र सोडलं नव्हतं, त्यांची मान तशीच बरोबर हलत होती. अगदी शेवटी सुरुवातीची चाल मोठी होऊन परत येते तेव्हा ते म्हणाले, “आले बघ घरी.” आणि पेपर न देताच गेले.

नंतर वाचलं की ती बेसची ओळ बँडला सुचवली होती ब्रूफर्डनेच. ठेका दुसऱ्याच्या हातात देऊन हा स्वतः बाहेर भटकायला मोकळा! काकांना सांगितलं, तर त्यांना मुळीच आश्चर्य वाटलं नाही.

आजच्या तारखेला ‘स्टारलेस’चा मधला भाग सलग नऊ वेळा ऐकून झाला, सहा वेळा समेवर नीट उतरले. दुप्पट वेगाच्या भागात शून्य. बेल्ट ठीक आहे, सुई बदलायला झाली आहे. सप्टेंबरमध्ये जेंटल जायंटची ‘ऑक्टोपस’ घेणार आहे. तिच्यातल्या ‘नॉट्स’मध्ये चार आवाज चार ठिकाणांहून सुरू होतात, तिथे हात कुणाच्या नावाने टाकायचा ते अजून ठरलेलं नाही. काकांनी विचारलंय, त्यात तरी पखवाज जागेवर आहे का.